पांढरं पान, गुलाबी पान, पिवळं पान

२०२४ च्या विधानसभेला माझा एक जुना मित्र आमच्या तालुक्यातून अपक्ष उभा राहिला. निवडून येणार नाही हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि वहिनींना तर आमच्या दोघांच्या आधीपासून माहीत होतं. पण पाण्याच्या प्रश्नावर दहा वर्षं निवेदनं देऊन देऊन कंटाळला होता, म्हणाला यावेळी उभाच राहतो, निदान बोलायला माइक तरी मिळेल. मी रिटर्न भरायची, जीएसटीची कामं करतो, त्यामुळे खर्चाची वही माझ्याच गळ्यात पडणार होती आणि पडली.

ती वही ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फॉर्म भरला की निवडणूक कार्यालयातून एक रजिस्टर देतात. त्यात पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी पानं रोख रकमेची आणि पिवळी पानं बँकेची. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं काढायचं, दहा हजारांच्या वरचं पेमेंट रोख करायचं नाही, आणि प्रचाराच्या काळात तीन वेळा ती वही खर्च निरीक्षकाकडे नेऊन तपासून घ्यायची. सोबत एक रेट लिस्ट असते. जिल्हा प्रशासन ती पक्षांशी बोलून ठरवतं, त्यात चहा, नाश्ता, जेवणाची थाळी, प्लॅस्टिकची खुर्ची, मंडपाचा चौरस फूट, ढोलताशा, फेटा, जीप, सगळ्याचे भाव. तुम्हाला स्वस्तात मिळालं असेल तर ते तुमचं नशीब, हिशोबात रेट लिस्टचा भाव लागतो.

आमचं पहिलं भांडण चहावरून झालं. मित्राच्या घरासमोर कोपरा सभा, माणसं असतील पंचवीसतीस, चहा त्याच्या काकूंनी घरी केलेला, दूध घरच्या म्हशीचं. मी वहीत चहा लिहिलाच नाही, कारण खर्चच झाला नव्हता. पण निवडणूक कार्यालयाची व्हिडिओवाली टीम येऊन शूटिंग करून गेली होती, त्यांच्याकडे आपल्या वहीला समांतर अशी त्यांची एक वही असते, तिला शॅडो रजिस्टर म्हणतात, त्यात आमच्या नावावर चाळीस चहा होते. तपासणीला गेलो तर समोरचे साहेब एकदम सभ्य माणूस, म्हणाले कायदा असाच आहे, फुकट मिळालेल्या वस्तूचीही किंमत धरावी लागते. ते बरोबरच होतं. मी गुपचूप चाळीस चहा लिहिले. काकू आजही विचारतात, माझ्या चहाचे पैसे सरकारने किती लावले रे?

त्याच संध्याकाळी तालुक्याच्या मैदानावर मोठ्या पक्षाची सभा होती. हेलिकॉप्टर उतरलं, बाहेरगावाहून बसेस आल्या, स्टेजच्या मागे घराएवढा एलईडी. आणि एक गंमत बघायला मिळाली. उमेदवार सगळा वेळ खाली पहिल्या रांगेत बसून होता, स्टेजवर गेलाच नाही, आणि मागच्या बॅनरवर सगळ्या नेत्यांचे फोटो पण ज्याच्यासाठी सभा त्याचाच फोटो नाही. शेजारचा म्हणाला, नाराज आहे वाटतं. नाराज कसला? उमेदवार स्टारप्रचारकासोबत स्टेजवर गेला किंवा बॅनरवर त्याचा फोटो, नाव आलं की सभेचा खर्च त्याच्या खात्यात पडतो. नाही गेला तर तो पक्षाचा सर्वसाधारण प्रचार. आणि हेलिकॉप्टरचा प्रवासखर्च तर तसाही धरत नाहीत, मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस स्टारप्रचारकांची यादी देता येते आणि त्या यादीतल्या लोकांचा पक्षाने केलेला प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशोबात येत नाही.

म्हणजे काकूंचा चहा हिशोबात येतो आणि हेलिकॉप्टर येत नाही. मला या लेखात जे म्हणायचंय ते साधारण इथूनच सुरू होतं, पण लोक लगेच "खर्चाची मर्यादाच काढून टाका मग" असं म्हणतात आणि मला ते अजिबात म्हणायचं नाहीये, त्यामुळे जरा सावकाश जाऊ.

आधी आकडे. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे. गोव्यासारख्या छोट्या राज्यात तेच २८ लाख आणि ७५ लाख. हे जानेवारी २०२२ पासून. त्याआधी २०१४ मध्ये मोठ्या राज्यांत लोकसभेला ७० लाख होते, २०११ मध्ये ४० लाख, आणि पहिल्या निवडणुकीत, म्हणजे १९५१-५२ ला, २५ हजार. आकडा वाढतच गेलाय. तरीही दर वेळी ओरड तीच, की एवढ्यात काय होतंय.

ओरडीत तथ्य नाही असं नाही. २०२४ ला देशात ९६ कोटींच्या वर मतदार होते, ५४३ ने भागलं तर एका लोकसभा मतदारसंघात सरासरी पावणेअठरा लाख. ९५ लाखांना तेवढ्याने भागा, एका मतदारामागे सव्वापाच रुपये येतात. आपल्या विधानसभेचं गणित जरा बरं, नऊ कोटी सत्तर लाख मतदार आणि २८८ जागा, म्हणजे मतदारामागे बारा रुपयांच्या आसपास. टपरीवरचा एक कटिंग. एवढ्यात प्रत्येक घरी एक पत्रक, दोनचार सभा, गाड्यांचं डिझेल आणि पोरांचं जेवण बसवायचं. यावरून एक युक्तिवाद कायम केला जातो, चांगली शिकलेली माणसं करतात, की मर्यादा अवास्तव कमी असल्यामुळे प्रामाणिक उमेदवारालाही पहिल्याच दिवशी खोटं लिहावं लागतं, आमदारकीची सुरुवातच खोट्या प्रतिज्ञापत्राने होते, म्हणून एकतर मर्यादा भरपूर वाढवा नाहीतर काढून टाका.

मीसुद्धा हेच म्हणायचो. वही सांभाळल्यावर मत बदललं, आणि ते एका साध्या गोष्टीमुळे.

मर्यादा कमी पडते म्हणून खोटं लिहावं लागत असेल तर हिशोब कसे दिसायला हवेत? सगळ्यांचे आकडे मर्यादेला टेकलेले हवेत ना. ४० लाखांची मर्यादा, तर कोणाचे ३९ लाख ८०, कोणाचे ३९ लाख ९५. पगारदार माणूस टॅक्स वाचवायला ८०सी मध्ये दीड लाख कसा बरोबर दीड लाखाला नेऊन टेकवतो तसं. पण तसं होतच नाही. २०२४ ला निवडून आलेल्या खासदारांनी दाखवलेला खर्च एडीआर या निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने मोजला, तर सरासरी मर्यादेच्या साठ टक्क्यांच्या आसपास निघाली. म्हणजे ९५ लाखांची परवानगी असताना लोक सत्तावन्न लाख लिहितायत. अडतीस लाखांची जागा कोरी सोडतायत! ज्याला मर्यादा जाचतेय तो माणूस एवढी जागा रिकामी सोडेल का?

म्हणजे खोटं मर्यादेमुळे लिहिलं जात नाहीये. ते लिहिलं जातंय कारण पैसा आला कुठून हे लिहिता येत नाही. खर्च लिहिला की जमेची बाजू लिहावी लागते, कोणाही हिशोबनिसाला विचारा, नावे लिहिलं की जमा लिहावंच लागतं. ३० लाख खर्च दाखवले तर ३० लाख आले कुठून हे गुलाबी आणि पिवळ्या पानांवर दिसलं पाहिजे. ठेकेदाराने दिलेल्या गाड्या, बिल्डरने परस्पर भागवलेलं हॉटेल, कारखान्याची माणसं आणि डिझेल, हे जमेला धरायचं कसं? तेव्हा सोपा मार्ग म्हणजे खर्चच नाही झाला. मर्यादा उद्या चार कोटी केली तरी वहीत पन्नाससाठ लाखच दिसतील असं माझं सरळ मत आहे.

गोपीनाथ मुंडेंचं ते वाक्य आठवत असेल. जून २०१३, मुंबईत पुस्तक प्रकाशनाचा कार्यक्रम, आणि मुंडे बोलण्याच्या ओघात बोलून गेले की २००९ च्या लोकसभेला माझे आठ कोटी खर्च झाले. तेव्हाची मर्यादा होती २५ लाख. बत्तीसपट. आयोगाची नोटीस गेली, खुलासा झाला, खासदारकी काही गेली नाही. त्यावेळी पेपरात नुसता गदारोळ होता, पण आमच्याकडे पारावर कोणालाच धक्का वगैरे बसला नव्हता, आश्चर्य एवढंच की माणूस खरं बोलला. मला आजही त्यांचं त्याबाबतीत कौतुक वाटतं, आणि हे उपरोधाने म्हणत नाहीये.

आता हेलिकॉप्टरकडे परत येतो, कारण ते आकाशातून पडलेलं नाही, ते कायद्यात मुद्दाम बसवलेलं आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. त्याचं कलम ७७ म्हणतं की उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्या संमतीने झालेला खर्च लिहायचा आणि तो मर्यादेत ठेवायचा. मग पक्षाने केलेल्या खर्चाचं काय? हा प्रश्न दिल्लीच्या १९७१ च्या एका निवडणुकीवरून सुप्रीम कोर्टात गेला, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला. ऑक्टोबर १९७४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या निकालाने सांगितलं की पक्ष उमेदवारासाठी खर्च करत असेल आणि उमेदवार त्याचा फायदा घेत गप्प बसत असेल तर ती त्याची संमतीच, खर्च त्याच्या खात्यात धरा, नाहीतर मर्यादेला अर्थ काय. एकदम सरळ, शेतकऱ्यालाही पटेल असा निकाल.

त्याच महिन्यात वटहुकूम निघाला. कलम ७७ ला एक स्पष्टीकरण चिकटवलं गेलं की पक्षाने किंवा उमेदवाराखेरीज इतर कोणी केलेला खर्च उमेदवाराचा धरायचा नाही. झालं! दरवाजा लावला आणि शेजारची भिंतच काढून टाकली. हे जवळजवळ तीस वर्षं तसंच चाललं. मधल्या काळात आपल्या नगरच्या एका खटल्यात, १९९१ ची लोकसभा, गडाख विरुद्ध विखे पाटील, सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये बोलून दाखवलं की या स्पष्टीकरणामुळे खर्चाची मर्यादा म्हणजे निव्वळ धूळफेक होऊन बसली आहे. शेवटी २००३ मध्ये कायदा बदलला आणि मोकळीक फक्त पक्षनेत्यांच्या प्रवासखर्चापुरती आणि पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारापुरती उरली. "फक्त" म्हणायचं. त्या फक्तमध्ये हेलिकॉप्टर बसतं, चार्टर विमान बसतं, आणि उमेदवाराचं नाव न घेता केलेली टीव्हीवरची, पेपरातली, मोबाइलवरची अख्खी मोहीम बसते.

आणि पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला भारतात मर्यादाच नाही. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मी आमच्या ग्रुपवर सांगितलं तर एका मास्तरांनी मला खोटं ठरवलं. पण खरंय, मर्यादा उमेदवाराला, पक्षाला शून्य मर्यादा, म्हणजे अमर्याद. पक्षाने फक्त हिशोब द्यायचा, तो पण १९९६ मध्ये कॉमन कॉज या संस्थेच्या केसमध्ये कोर्टाने सांगितलं म्हणून, विधानसभा असेल तर पंचाहत्तर दिवसांत आणि लोकसभा असेल तर नव्वद दिवसांत. तोपर्यंत मंत्रिमंडळ होऊन, खातेवाटप होऊन, पालकमंत्रिपदाची भांडणंसुद्धा मिटलेली असतात.

ज्या देशाकडून आपण ही उमेदवाराच्या मर्यादेची कल्पना घेतली त्या ब्रिटनमध्ये १८८३ पासून उमेदवाराला मर्यादा होती आणि पक्षाला नव्हती, आपल्यासारखंच. पुढे टीव्हीचा, देशभरच्या जाहिरातींचा जमाना आला, सगळा खेळ पक्षांच्या मुख्यालयातून व्हायला लागला, तेव्हा त्यांनी २००० मध्ये कायदा करून पक्षालाही मर्यादा घातली. सगळ्या जागा लढवणाऱ्या पक्षाला २०२४ ला ती साधारण ३ कोटी ४० लाख पौंड होती. आणि मुख्य म्हणजे सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाचा खर्च मतदानाआधीच्या ३६५ दिवसांचा मोजतात. तिकडे सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही, लफडी तिकडेही होतात. पण निदान मोजायचं काय आणि कधी हे बरोबर पकडलंय.

हा "कधी" मला पक्षाच्या मुद्द्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि याच्यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही. कलम ७७ प्रमाणे खर्च मोजायचा तो उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंत. २०२४ च्या विधानसभेला अर्ज भरायची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर, निकाल २३ नोव्हेंबरला. म्हणजे जेमतेम महिनाभर. पाच वर्षांतला एक महिना. बाकीचे एकोणसाठ महिने काय चालतं ते महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. दहीहंडीला लाखांची बक्षिसं, गणपती मंडळाला वर्गणी की देणगी की काय म्हणाल ते, नवरात्रात महिलांसाठी होम मिनिस्टर आणि पैठणी, पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूर, अलीकडे उज्जैन-काशी, अशा फुकट देवदर्शनाच्या बसेस, दिवाळीला फराळाचं किट आणि उटणं, मकरसंक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून स्टीलचा डबा आणि डब्याच्या झाकणावर भाऊंचा हसरा फोटो. क्रिकेटच्या टुर्नामेंट तर बारा महिने. कोणाच्या बारशाला, बाराव्याला पाकीट. आणि वाढदिवस! आमच्या चौकात एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की तो उतरवायला पुढच्या भाऊचा वाढदिवस यावा लागतो.

यातला एक रुपया वहीत येत नाही, आणि कायद्याप्रमाणे येण्याची गरजही नाही. कोणी खोटं बोलत नाहीये, कोणी काही लपवत नाहीये. मला विचाराल तर मुंडे म्हणाले तसल्या आठ कोटींतले निम्मे असेच कायदेशीररीत्या अदृश्य होतात. त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी ज्याचा चेहरा गेली चार वर्षं प्रत्येक डब्याच्या झाकणावर आहे तो, आणि ज्याने त्याच दिवशी पहिलं पत्रक छापायला टाकलंय तो, या दोघांना आपण एकाच ४० लाखांच्या रेघेवर उभं करतो आणि म्हणतो, आता समान संधी. मर्यादा काढून टाकावी म्हणणारे एक मुद्दा चांगला मांडतात, की नवख्या माणसाला नाव पोचवायला जास्त खर्च लागतो आणि मर्यादा त्यालाच अडवते. बरोबर आहे. पण माझ्या मित्राला ४० लाखांच्या मर्यादेने नाही अडवलं, त्याचा एकूण खर्च चार लाखांच्या आत होता, त्यातले दीड लाख त्याच्या मेव्हण्याचे, आणि ते अजून फिटलेले नाहीत.

वर्षभर आधीपासूनचा खर्च मोजणं कसं शक्य आहे, उमेदवार कोण हेच तेव्हा ठरलेलं नसतं, असं एका वकील मित्राने मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. उमेदवार ठरलेला नसतो, पण पक्ष असतो ना. पक्षाचा खर्च वर्षभराचा मोजा. आणि जो अर्ज भरेल त्याने अर्जासोबत मागच्या बारा महिन्यांत स्वतःच्या नावाच्या, फोटोच्या जाहिरातींवर, फ्लेक्सवर, कार्यक्रमांवर झालेल्या खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं. संपत्तीचं देतोच की, गुन्ह्यांचं देतोच की, तेव्हाही लोक म्हणायचे हे कसं शक्य आहे, आता तोच कागद सगळ्यात जास्त वाचला जातो. खोटं लिहितील? लिहितील. पण फ्लेक्सचे फोटो लोकांच्या मोबाइलमध्ये तारखेसकट पडलेले असतात, आणि खोटं लिहिलेला कागद विरोधकाच्या हातात आला की तो काय करतो हे आपण पाहतोच.

आता कागद हातात येण्याच्या वेळेबद्दल. उमेदवाराने निकालानंतर तीस दिवसांत हिशोब द्यायचा. निवडणुकीला कोर्टात आव्हान द्यायची मुदत निकालापासून पंचेचाळीस दिवस. म्हणजे समोरच्याने शेवटच्या दिवशी हिशोब दिला तर तो मिळवायला, वाचायला, पुरावे गोळा करायला, हायकोर्टातला वकील गाठायला आणि याचिका दाखल करायला तुमच्याकडे पंधरा दिवस. तुम्ही हरलेले आहात, थकलेले आहात, मेव्हण्याचे पैसे देणं आहे. कोण जातंय! आणि पुढची गंमत अशी की कलम १०अ खाली तीन वर्षांसाठी अपात्र होणाऱ्यांच्या याद्या काढून बघा, त्यात बहुतेक सगळे हरलेले, अपक्ष आणि छोट्या पक्षांचे. त्यांचा गुन्हा जास्त खर्च हा नसतो, हिशोबच दिला नाही हा असतो. डिपॉझिट गेलं, घरी गेले, वही कपाटात राहिली. ज्याने काही खर्चच केला नाही तो अपात्र, आणि ज्याने केला त्याचा चार्टर्ड अकाउंटंट तिसाव्या दिवशी बाइंडिंग केलेली फाइल घेऊन हजर.

मोठा मासा अडकल्याची उदाहरणं आहेत, पण ती कशी संपतात तेही बघा. अशोक चव्हाणांची केस आपल्या राज्यातली. २००९ ची भोकरची निवडणूक, पेपरांत आलेल्या पुरवण्या बातम्या होत्या की पैसे देऊन छापलेल्या जाहिराती होत्या हा वाद, आणि जाहिराती असतील तर त्यांचा खर्च हिशोबात का नाही. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तत्त्व म्हणून फार महत्त्वाची गोष्ट सांगितली, की आयोगाला हिशोब वेळेत आला की नाही एवढंच नव्हे तर तो खरा आहे की नाही हेही तपासता येतं. मग आयोगाने चव्हाणांच्या विरोधात आदेश काढला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने तो रद्द केला. चव्हाण दोषी होते की नव्हते हे मी सांगणारा कोण, कोर्टाने सांगितलंय. मी फक्त तारखा मोजतो. निवडणूक २००९ ची, आयोगाचा आदेश जुलै २०१४ चा. पाच वर्षांची आमदारकी मध्ये होऊन गेली. मध्य प्रदेशातले नरोत्तम मिश्रा, २००८ ची निवडणूक, आयोगाने अपात्र ठरवलं २०१७ मध्ये, हायकोर्टाने तेही २०१८ ला रद्द केलं. दहा वर्षं!

म्हणून माझं म्हणणं, हिशोब निकालानंतर नको, प्रचार चालू असताना रोज पाहिजे. ही काही फार मोठी मागणी नाहीये. वही तशीही रोज लिहायची असते, पिवळं पान म्हणजे बँकेचं खातं तर आपोआपच लिहिलं जातं. रोज रात्री ते खातं वेबसाइटवर टाका. आमच्या तालुक्यातला भाजीवाला दहा रुपयांचा क्यूआर कोड लावून बसतो, त्याच्या प्रत्येक मेथीच्या जुडीची नोंद आहे, आणि आमदारकीच्या उमेदवाराचा हिशोब बघायला आपण निकालानंतर महिनाभर थांबायचं. मतदानाच्या आठ दिवस आधी लोकांना दिसू दे की या माणसाने एवढ्या मोठ्या सभेच्या मंडपाला अठरा हजार लिहिलेत. मग खर्च निरीक्षकाची गरजच नाही, मंडपवालाच हसत हसत चार जणांना सांगेल.

जमेच्या बाजूचं तर काय बोलायचं. इलेक्टोरल बाँड, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून द्यायचे रोखे, २०१८ पासून चालू झाले, कोणी कोणाला दिले ते मतदाराला कळायची सोय नाही, आणि त्यासोबतच २०१७ मध्ये कंपनीने नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही जुनी अट पण काढून टाकलेली. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी दोन्ही गोष्टी घटनाबाह्य ठरवल्या. मग मार्चमध्ये स्टेट बँकेच्या याद्या बाहेर आल्या आणि लोकांनी आठवडाभर त्या चाळल्या, कोणत्या कंपनीवर धाड कधी पडली आणि तिने बाँड कधी घेतला असल्या जुळवाजुळवीत. एकूण आकडा साडेसोळा हजार कोटींच्या घरात. सगळ्यात मोठा वाटा भाजपला, पण घेतले जवळजवळ सगळ्या मोठ्यांनी, त्यामुळे संसदेत या विषयावर कोणाचा घसा फार वेळ चढत नाही. पक्षांच्या खर्चाला मर्यादा नसण्याचं रहस्य यातच आहे. जो पैसा मोजून घेतला नाही तो मोजून खर्च करायची सवय कशी लागणार?

पक्षाला मर्यादा घालायची तर किती, हेही बोलून टाकतो. महाराष्ट्रात २८८ जागांना ४० लाखांनी गुणलं तर ११५ कोटी २० लाख होतात. सगळ्या जागा लढवणाऱ्या पक्षाला त्याच्या निम्मे द्या, ५७ कोटी ६० लाख. कमी जागा लढवणाऱ्याला त्या प्रमाणात. यात हेलिकॉप्टर, टीव्ही, रील बनवणाऱ्या एजन्सी, सर्व्हेवाले, सगळं आलं, आणि स्टारप्रचारकांच्या प्रवासाची ती सूट बंद. हा आकडा काही गीतेतला श्लोक नाही, कोणी शंभर म्हणेल. शंभर म्हणा. पण आकडा हवा. आज तिथे कोरी जागा आहे.

"मग सरकारनेच पैसे द्यावेत" हा एक जुना उपाय आहे, १९९८ च्या इंद्रजित गुप्ता समितीने तो सुचवला होता, रोख नाही तर सोयीसुविधांच्या रूपात. मला पटत नाही. वरचा पैसा बंद न करता खालून सरकारी पैसा सोडला तर ती फक्त भर पडेल.

आता ज्यांनी इथपर्यंत वाचलं त्यांच्यातले निम्मे मनात म्हणत असतील की हा माणूस लक्ष्मीदर्शनाबद्दल का बोलत नाहीये. मतदानाच्या आदल्या रात्रीचं पाकीट. कारण तो खर्चाच्या मर्यादेचा विषयच नाही. मर्यादा असते ती कायदेशीर खर्चाला. पाकीट म्हणजे लाच, ते एक रुपयाचं असलं तरी गुन्हाच आहे, त्याला ४० लाखांत बसवायचं की बाहेर ठेवायचं असा प्रश्नच येत नाही. त्यासाठी नाकाबंदी, भरारी पथकं, तक्रार करायचं सी-व्हिजिल ॲप हे सगळं आहे आणि ते अगदीच कुचकामी नाही, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळ खेड शिवापूरला एका गाडीत पाच कोटी सापडले तेव्हा आचारसंहिता लागून आठवडाही झाला नव्हता. तामिळनाडूत वेल्लोरची लोकसभा निवडणूक २०१९ मध्ये पैशाच्याच कारणाने रद्द झाली. आपल्याकडे २०२१ ला राज्य निवडणूक आयोगाने दोन गावांची ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली, नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी. तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता, उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली, खोंडामळीत ४२ लाख, पैसा गावच्या मंदिराच्या कामाला. गावकऱ्यांचं म्हणणं काय, तर निवडणुकीत पैसा जाणारच आहे, भांडणं होणारच आहेत, त्यापेक्षा देवाला तरी जाऊ दे. चुकीचंच आहे ते, सरपंचपद म्हणजे काय बैल आहे का. पण मला त्यांच्या बोलण्यातला हिशोबीपणा विसरता येत नाही. त्यांनी निदान आकडा सगळ्या गावासमोर मोठ्याने पुकारला.

मित्राला शेवटी तीन हजारांच्या आत मतं पडली. एकतिसाव्या दिवशी अपात्र व्हायला नको म्हणून मी एकोणिसाव्या दिवशीच हिशोब देऊन आलो. नंतर एकदा त्याच मैदानावरच्या सभेचा हिशोब बघावा म्हणून जिंकलेल्या साहेबांची फाइल काढली, नियमाप्रमाणे एक रुपया भरला की कोणालाही बघता येते. त्या दिवसाच्या पांढऱ्या पानावर दोन जीप, नाश्ता आणि पंचवीस खुर्च्या होत्या. चहा नव्हता.